बारा विजय, बावन्न पराभव: लुइव्हिलचा वाद

(दृश्य: ओहायो नदी, काठावरचं केएफसी यम सेंटर. आत कोर्टवर सराव चालू, वरच्या मजल्यावर रिकाम्या खुर्च्या.)

केंटकी राज्यातलं लुइव्हिल शहर. नदीकाठी हे बंदिस्त क्रीडागृह उभं आहे. आसनक्षमता २२,०९०. खेळ बास्केटबॉल. पण या शहरात एनबीएचा, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगचा, संघ नाही. इथे खेळतो तो विद्यापीठाचा संघ, लुइव्हिल कार्डिनल्स. आपल्याकडे आंतरविद्यापीठ सामन्याला प्रेक्षक म्हणजे खेळणाऱ्यांचे वर्गमित्र आणि फार तर एखादे हौशी प्राध्यापक. इथे ते अख्ख्या गावाचं दुखणं असतं. हा वाद प्रशिक्षक केनी पेन यांचा: दोन हंगाम, बारा विजय, बावन्न पराभव, आणि दोष कुणाचा यावर भांडणारे चाहते.

गावाला सवय होती जिंकायची. डेनी क्रम १९७१मध्ये प्रशिक्षक झाले आणि तीस हंगाम राहिले. ६७५ विजय, १९८० आणि १९८६ची राष्ट्रीय विजेतेपदं. त्यांच्यामागून रिक पिटिनो आले. २०१३चं विजेतेपद त्यांच्या काळातलं, पण ते २०१८मध्ये एनसीएएने, म्हणजे कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेने, नोंदीतून काढून टाकलं. त्याआधीच, सप्टेंबर २०१७मध्ये, खेळाडू भरतीच्या एफबीआय तपासात संघाचं नाव आलं आणि ऑक्टोबरमध्ये पिटिनोंची गच्छंती झाली. पुढे ख्रिस मॅक आले. त्यांचा संघ २०१९-२०च्या हंगामात २४ सामने जिंकला, पण करोनामुळे राष्ट्रीय स्पर्धाच रद्द झाली. मग घसरण. जानेवारी २०२२मध्ये हंगाम अर्ध्यावर असताना मॅक बाहेर पडले आणि त्या वर्षाचा हिशेब झाला १३ विजय, १९ पराभव.

ही तर वादाची नुसती प्रस्तावना.

(दृश्य: १९८६ साल दाखवणारी पाटी.)

मार्च २०२२मध्ये विद्यापीठाने केनी पेन यांना आणलं. घरचा माणूस. १९८६च्या विजेत्या संघात ते पहिल्या वर्षाचे खेळाडू होते. पुढे दहा वर्षं केंटकी विद्यापीठात, म्हणजे लुइव्हिलच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याकडे, जॉन कॅलिपारींचे सहायक. मग दोन हंगाम एनबीएतला न्यूयॉर्क निक्स संघ. लुइव्हिलच्या पुरुष बास्केटबॉल संघाचे ते पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. हे कित्येक वर्षांपूर्वीच व्हायला हवं होतं असं मानणारे चाहते तेव्हा थोडे नव्हते. पेन यांच्या बाजूने शेवटपर्यंत जी माया टिकली, ती कुठून आली हे यातून कळतं.

पेन यांची ख्याती एकाच गोष्टीची होती: खेळाडू घडवणं. त्यातही उंच खेळाडू. अँथनी डेव्हिस, कार्ल-अँथनी टाउन्स, ज्युलियस रँडल, बॅम अडेबायो हे सगळे केंटकीत त्यांच्या तालमीतून गेले. पुढे रँडल निक्समध्ये असताना २०२१मध्ये एनबीएचा 'सर्वाधिक सुधारणा झालेला खेळाडू' ठरला, तेव्हाही पेन त्याच बाकावर सहायक होते. समर्थकांचा दाखला तयारच होता: याच्याइतकं खेळाडू घडवणं कुणाला जमतं?

पहिला हंगाम २०२२-२३: ४ विजय, २८ पराभव. दुसरा हंगाम २०२३-२४: ८ विजय, २४ पराभव.

(दृश्य: धावफलक. एकेक निकाल थांबून थांबून.)

पहिला हंगाम सुरू व्हायच्या आधीच ठिणगी पडली होती. सरावाच्या सामन्यात लेनोर-राइन या दुसऱ्या श्रेणीच्या कॉलेजने लुइव्हिलला ५७-४७ हरवलं. मग खरे सामने. बेलरमीनविरुद्ध ६६-६७. राइट स्टेटविरुद्ध ७२-७३. ॲपलाचियन स्टेटविरुद्ध ६०-६१. लागोपाठ तीन पराभव, तिन्ही एकेका गुणाने. त्यानंतर हवाईतल्या स्पर्धेत अर्कान्सासमोर ५४-८० आणि टेक्सास टेकसमोर ३८-७०. कॉलेजचा सामना ४० मिनिटांचा असतो. त्यात ३८ गुण म्हणजे मिनिटाला एकही नाही. पहिले नऊ सामने हरल्यावर डिसेंबरच्या मध्याला वेस्टर्न केंटकीविरुद्ध पहिला विजय मिळाला.

इथून चाहत्यांचे दोन तट पडले, आणि दोघांच्याही हातात काहीतरी खरं होतं.

पहिला तट म्हणायचा, माणसाला वेळ द्या. त्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा चौकशीचा होता. २०१७च्या प्रकरणाचा निकाल लागला थेट नोव्हेंबर २०२२मध्ये. तोपर्यंत या संघावर राष्ट्रीय स्पर्धेची बंदी येईल का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी आली ती दोन वर्षांची देखरेख, ५,००० डॉलरचा दंड आणि भरतीवर काही मर्यादा. बंदी नाहीच. पण पेन खेळाडू गोळा करत होते ते त्याआधीच्या वसंतात आणि उन्हाळ्यात. ज्याच्याकडे पाच विद्यापीठांची निमंत्रणं आहेत, तो बंदीची टांगती तलवार असलेल्या घरी कशाला येईल?

दुसरा तट विचारायचा: मान्य, पण मग संघात पॉइंट गार्ड एकच कसा?

हा प्रश्न नीट समजून घ्यायला हवा, कारण त्या पहिल्या हंगामाचं निदान त्यातच आहे. कॉलेज बास्केटबॉलमध्ये चेंडू हातात आल्यापासून ३० सेकंदांत फटका घ्यावा, म्हणजे बास्केटकडे चेंडू फेकावा लागतो, आणि पहिल्या दहा सेकंदांत अर्धं मैदान ओलांडावं लागतं. दोन बचावपटू अंगावर धावून आले तरी चेंडू सुरक्षित वर आणणारा आणि कोणती चाल खेळायची ते ठरवणारा माणूस म्हणजे पॉइंट गार्ड. शहाणा संघ असे किमान दोन, शक्यतो तीन ठेवतो. एकाला दोन लवकर फाऊल लागले तर दुसरा हवा. एक दमला तर दुसरा हवा.

लुइव्हिलकडे हे काम निभावणारा अनुभवी खेळाडू होता एल एलिस, आणि तोही मुळात चेंडू वाटण्यापेक्षा गुण घेण्यात रमणारा. त्याने सामन्यामागे १७.७ गुण काढले. आकडा देखणा आहे. पण चेंडू वर आणायचा एलिसने, चाल सुरू करायची एलिसने, ती फसली की शेवटच्या पाच सेकंदांत फटका घ्यायचा तोही एलिसने. प्रतिस्पर्ध्याला काम सोपं. त्याच्या अंगावर पहिल्यापासून एक चिवट बचावपटू सोडायचा, अडथळ्याच्या चालीवर दुसराही पाठवायचा आणि बाकीच्या चौघांना म्हणायचं, तुम्ही करून दाखवा. हंगामअखेर संघाची असिस्टची (ज्या पासवर थेट गुण होतात त्यांची) संख्या गमावलेल्या चेंडूंपेक्षा कमी होती. इथे गुणफलकाकडे पाहायचीही गरज उरत नाही.

(दृश्य: फळ्यावर एक गणित लिहिलं जातं.)

हे मोजायचं कसं, ते सांगतो. नुसते 'सामन्यात पंधरा चेंडू गमावले' यावरून काही कळत नाही, कारण वेगाने खेळणाऱ्या संघाला संधी जास्त मिळतात. आधी संधी मोजा. घेतलेले फटके, त्यातून आपणच परत मिळवलेले रिबाउंड (हुकलेल्या फटक्यांचे चेंडू) वजा, गमावलेले चेंडू अधिक, आणि फ्री थ्रोंची (फाऊलबद्दल मिळणाऱ्या मोकळ्या फटक्यांची) संख्या गुणिले ०.४७५ अधिक. कॉलेजच्या सामन्यात हे उत्तर ६५ ते ७०च्या आसपास येतं. गमावलेल्या चेंडूंना त्याने भागा. शंभरात पंधरा-सोळा असतील तर संघ चेंडू सांभाळतो. वीस झाले की प्रत्येक पाचवी संधी फटका न घेताच वाया. त्यातही चेंडू सीमेबाहेर गेला तर निदान मागे पळायला वेळ मिळतो. चेंडू हातातून हिसकावला गेला की समोरच्याला मोकळं बास्केट. एक चूक, आणि दोन्ही बाजूंनी नुकसान.

आता 'खेळाडू घडवणं' या शब्दाकडे येऊ, कारण चाहत्यांचं सगळ्यात जास्त भांडण याच शब्दावर झालं, आणि आमच्या मते दोन्ही तट त्याचा अर्थ वेगवेगळा घेऊन भांडत होते.

पेन ज्यासाठी ओळखले जात ते एकेकट्याचं कौशल्य. बास्केटजवळ पाठीवर बचावपटू असताना जागा अडवणं, चेंडू छातीखाली न आणता खांद्याच्या वर धरणं, मागच्या पायावर वळून एका टप्प्यात वर जाणं, हूल देऊन त्याला उडवणं आणि त्याच्या हाताखालून फटका घेणं. हे शिकवायला एक प्रशिक्षक, एक खेळाडू, एक रिंग आणि रोज चाळीस मिनिटं पुरतात. सहायकाकडे तेवढा वेळ असतो. आणि केंटकीत समोर उभा असायचा तो देशातल्या सर्वोत्तम शाळकरी खेळाडूंपैकी एक, जो आठ महिन्यांनी एनबीएत जाणारच होता.

मुख्य प्रशिक्षकाचं घडवणं निराळं. एनसीएएचा नियम असा की हंगामात आठवड्याला २० तासच सक्तीचा सराव घेता येतो, दिवसाला जास्तीत जास्त चार तास, आणि एक दिवस सुट्टी. सामन्याचा दिवस तीन तासांचा धरतात. आठवड्यात दोन सामने म्हणजे सहा तास गेले. समजा तीन तास वजनं उचलण्यात, तीन तास फिल्म बघण्यात गेले. उरले आठ. त्यात पुढच्या दोन प्रतिस्पर्ध्यांच्या चाली समजावायच्या आणि तेरा जणांना शिकवायचंही. म्हणून पाया पडतो तो हंगामापूर्वी: पहिल्या सामन्याआधीचे ४२ दिवस, त्यात ३० सराव. तेव्हा जे अंगात भिनत नाही ते जानेवारीत शिकवता येत नाही.

भिनवायचं म्हणजे काय, ते बचावात सगळ्यात स्पष्ट दिसतं. कोपऱ्यातल्या मोकळ्या खेळाडूकडे पास गेला. बचावपटूने त्याच्याकडे धाव घ्यायची. पहिलं दोन तृतीयांश अंतर पूर्ण वेगाने, मग छोटी छोटी पावलं, कंबर खाली, एक हात वर, वजन मागे. हे चुकतं दोन प्रकारे. पावलं आखडली नाहीत तर तो बाजूने निसटतो. आधीच थबकलात तर तो शांतपणे तीन गुण टाकतो. निसटला, तर बास्केटखालच्या गड्याने आडवं यायचं. तो आडवा आला की त्याचा माणूस मोकळा, तिकडे तिसऱ्याने सरकायचं. चौथ्याने तिसऱ्याची जागा घ्यायची. हे सगळं दोन सेकंदांत. यासाठी चार विरुद्ध चार असा 'शेल ड्रिल' असतो, प्रत्येक शाळेत असतो, आणि कंटाळवाणा असतो. एकाने अर्धा सेकंद विचार केला की साखळी तुटते, आणि प्रेक्षकाला दिसतो तो शेवटचा, बिचारा, उशिरा पोचलेला. खरं तर चूक त्याची नसते.

लुइव्हिलच्या सामन्यांत हीच साखळी पुन्हापुन्हा तुटताना दिसायची. खेळाडू एकमेकांकडे हात करायचे: तुझा होता. आळशीपणा म्हणून हिणवणारे चाहते इथे चुकत होते. आपलं काम कोणतं हे ठाऊक नसलेला माणूसही बाहेरून आळशीच दिसतो.

(दृश्य: २०२३चा उन्हाळा. लॉकर रूममधल्या नावाच्या पाट्या बदलल्या जातात.)

दुसऱ्या हंगामाला मात्र चौकशीची सबब नव्हती. एलिस अर्कान्साला गेला, जेलिन विदर्स नॉर्थ कॅरोलायनाला. नवे आले. इलिनॉयहून स्काय क्लार्क, सदर्न कॅलिफोर्नियाहून ट्रे व्हाइट, शाळेतून टाय-लॉर जॉन्सन आणि सात फुटी डेनिस इव्हान्स. आणखी एक नवा, ट्रेंटिन फ्लॉवर्स, हंगामाआधीच ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियात व्यावसायिक खेळायला निघून गेला. त्याआधीच्या वर्षीही एक डाव फसला होता. १९८६च्या संघातले पेन यांचे सोबती मिल्ट वॅगनर यांना विद्यापीठाने खेळाडू विकासाच्या पदावर घेतलं. त्यांचा नातू डी. जे. वॅगनर तेव्हा देशातल्या सर्वाधिक मागणीच्या शाळकरी खेळाडूंपैकी एक होता. नातवाने निवडलं केंटकी.

आणि पुन्हा सरावाचा सामना. या वेळी केंटकी वेस्लियन, पुन्हा दुसऱ्या श्रेणीचं कॉलेज. ६८-७१.

या हंगामात आशेचे कवडसेही होते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. न्यूयॉर्कमध्ये टेक्सासविरुद्ध संघ एका गुणाने हरला, ८०-८१. जानेवारीत मायामीला त्यांच्या घरी हरवलं. माइक जेम्स आणि ब्रँडन हंटली-हॅटफील्ड हे दोघं आदल्या वर्षीचे. दोघांचीही गुणसरासरी वाढली. समर्थक म्हणाले, बघा, घडवतोय ना? पण डिसेंबरमध्ये घरच्या मैदानावर अर्कान्सा स्टेटने ७५-६३ असं हरवलं, तेव्हा वरचा मजला ओस होता. मोसमाचा शेवट १२ मार्च २०२४ला झाला, नॉर्थ कॅरोलायना स्टेटविरुद्ध ८५-९४. दुसऱ्या दिवशी पेन यांना पदावरून दूर केलं. करार मोडल्याची किंमत सुमारे ८० लाख डॉलर. गंमत अशी की लुइव्हिलला हरवणारा तो संघ हा सामना धरून पाच दिवसांत पाच सामने जिंकून एसीसी (लुइव्हिलही ज्यात खेळतं तो विद्यापीठांचा गट) स्पर्धेचा विजेता झाला आणि राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या चारांत पोचला. काही समर्थकांनी त्यातही आधार शोधला.

गुणसरासरी वाढली हा पुरावा आम्हाला अपुरा वाटतो. हरणाऱ्या संघातही कुणीतरी गुण काढतंच. त्याहून बोलका पुरावा आहे हे खेळाडू पुढे जिथे गेले तिथला. एलिसची सरासरी अर्कान्सात एक आकडी झाली, कारण तिथे सगळा भार त्याच्यावर नव्हता. विदर्स नॉर्थ कॅरोलायनाच्या अव्वल मानांकित संघात बाकावरून येऊन ठरावीक मिनिटं, ठरावीक काम करू लागला. क्लार्क यूसीएलएत गेला, व्हाइट इलिनॉयला, आणि दोघंही तिथे नियमित खेळले. म्हणजे खेळाडू टाकाऊ नव्हते. दुसरीकडे त्यांना एक छोटं काम नेमून दिलं गेलं: तू कोपऱ्यात उभा राहा, तू रिबाउंडला जा, तू त्यांच्या गार्डला झोपू देऊ नकोस. लुइव्हिलमध्ये प्रत्येकाला सगळंच करायचं होतं. नेतृत्व आणि खेळाडू घडवणं हे दोन वेगळे मुद्दे आहेत असं धरून चाहते भांडले, आणि भूमिका नेमून देण्यापाशी दोन्ही एकच होतात हे त्या भांडणात निसटलं.

उलट बाजूही आहे. एप्रिल २०२१पासून खेळाडूला एकदा, रिकामं वर्ष न घालवता, संघ बदलायची मुभा मिळाली. एप्रिल २०२४मध्ये तीही मर्यादा उठली. त्यात जुलै २०२१पासून नाव आणि प्रतिमा वापरू देण्याचे पैसे घेण्याची परवानगी. क्रम यांच्या काळात पहिल्या वर्षी बाकावर बसलेला पोरगा चौथ्या वर्षी कर्णधार व्हायचा. आज तो दुसऱ्या वर्षी दुसऱ्या राज्यात असतो. तुम्ही पेरायचं आणि कापणी शेजाऱ्याने करायची. 'पेनना चौथं वर्ष द्यायला हवं होतं' म्हणणाऱ्यांनी सांगावं, चौथ्या वर्षी त्यांच्याकडे पहिल्या वर्षाचं कोण उरलं असतं?

(दृश्य: नवा प्रशिक्षक, नवा सराव. चेंडू जमिनीवर, तिघे त्याच्यावर झेपावतात.)

२८ मार्च २०२४. चार्ल्स्टनहून पॅट केल्सी आले. स्कॉलरशिपवरचे जुने खेळाडू जवळजवळ सगळे निघून गेले होते, पण संघ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी, म्हणजे पोर्टल, उघडं होतं. केल्सींनी उचललं ते वयाने मोठं, कॉलेजात तीन-चार वर्षं घासलेलं. विस्कॉन्सिनहून चकी हेपबर्न, हाडाचा पॉइंट गार्ड. जेम्स मॅडिसनहून टेरेन्स एडवर्ड्स. चार्ल्स्टनहून स्वतःचाच नेमबाज रेन स्मिथ, आणि बास्केटखाली जेम्स स्कॉट. कामं आधी ठरलेली, माणसं नंतर आणलेली.

सुरुवात इथेही खडतर झाली. कोरेन जॉन्सन दोनच सामन्यांनंतर खांद्याच्या दुखापतीने हंगामाबाहेर, केसियन प्रायर गुडघ्याने. डिसेंबरच्या मध्याला हिशेब होता ६ विजय, ५ पराभव, आणि जुने शब्द पुन्हा कानावर यायला लागले. मग पुढच्या २४ सामन्यांत २१ विजय. एसीसीत १८-२. एकूण २७-८. आदल्या दोन हंगामांचे सगळे विजय मिळून बारा होते. हेपबर्न एसीसीतला सर्वोत्तम बचावपटू ठरला, केल्सी सर्वोत्तम प्रशिक्षक.

पेन यांच्या समर्थकांचा एक प्रश्न मात्र इथेही उभाच राहतो: यात घडवलं कुणाला? हेपबर्न घडला विस्कॉन्सिनमध्ये, एडवर्ड्स जेम्स मॅडिसनमध्ये. लुइव्हिलने तयार माल आणला. आमचं उत्तर अर्धंच आहे. एडवर्ड्ससारखे आपापल्या जुन्या संघाचे मुख्य फलंदाज म्हणावेत असे खेळाडू इथे वाटून खेळायला राजी झाले, आणि तेही तीस सरावांत. ते शिकवावं लागतं. पण अठरा वर्षांच्या पोराला चार वर्षांत माणूस करणं, ते या हंगामाने दाखवलं नाही.

राष्ट्रीय स्पर्धेत लुइव्हिलला आठवं मानांकन मिळालं आणि पहिला सामना लागला लेक्सिंग्टनच्या रप अरीनात. म्हणजे नेमका केंटकीच्या घरात. २० मार्च २०२५ला क्रेटनने त्यांना ८९-७५ हरवलं. हेपबर्न, एडवर्ड्स, स्मिथ तिघांचीही कॉलेजची वर्षं संपली. उन्हाळ्यात पुन्हा बाजार: झेवियरहून रायन कॉनवेल, व्हर्जिनियाहून आयझॅक मॅकनीली, केनेसॉ स्टेटहून एड्रियन वूली, आणि शाळेतून गाजावाजा होत आलेला गार्ड मिकेल ब्राऊन.

या गर्दीत टिकून राहिलेल्यांपैकी एक: खानी रूथ्स. २०२४-२५मध्ये पहिल्या वर्षाचा होता, मिनिटं थोडी मिळाली, तरी दुसऱ्या वर्षी परत आला. चाहत्यांना वाद पुढे चालवायचा असेल तर त्याचे गुण मोजू नका. कोपऱ्यात पास जाईल तेव्हा त्याची शेवटची तीन पावलं बघा.

(दृश्य: सराव. कोपऱ्याकडे पास जातो. एक खेळाडू धावतो. कॅमेरा फक्त त्याच्या बुटांवर.)